मोठ्या भाऊंच्या नावची मूठ

आमच्या सासरी घरातले पुरुष वर्षातून एकदा मुठीनं मोजतात. श्रावणात कानबाई, ही आमची खानदेशातली देवी, बसायच्या आधी सासू गव्हाची रास पुढ्यात घेते आणि एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ सुपात टाकते. म्हातारा असो की पाळण्यातलं पोर, प्रत्येकाची मूठ असते. मग ते गहू धुऊन, वाळवून दळायचे. त्या दिवसांत गिरणीवालाही आधी गिरणी धुऊन ठेवतो, भलतंसलतं दळण घेत नाही. त्या पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायच्या, देवीला दाखवायचे आणि पौर्णिमेच्या आत भाऊबंदांनी खाऊन संपवायचे. बाहेरच्याला तुकडा नाही. आमच्यात तर सासरी गेलेल्या लेकीलाही नाही. आणि ज्याच्या नावची मूठ घेतली, त्यानं निदान एक घास तरी खायचाच.

माझं माहेर कोकणातलं, चिपळूणच्या पलीकडचं. सहावीत होते तेव्हा आई गेली आणि मावशीनं मला धुळ्याला आणलं. मावशी दवाखान्यात आया होती. शाळा तिथंच सुटली ती सुटलीच. पुढं मावशीनंच माझं लग्न जमवलं. मुलगा एसटीच्या कारखान्यात मेकॅनिक, घर अमळनेरकडच्या एका खेड्यात, घरी विधवा आई आणि एक थोरला भाऊ. भाऊबंदांनी विचारलं, "पोरगी कोणाची कोण? बाप कुठंय?" बाप कुठं होता ते मलाही माहीत नव्हतं. तेव्हा हे थोरले भाऊ, माझे जेठ, स्वतः मावशीच्या खोलीवर आले. लोखंडी खाटेवर बसून त्यांनी चहा घेतला आणि मला एकच प्रश्न विचारला, "आमच्याकडं उन्हाळा फार असतो. सोसेल का?" मी मान हलवली. लग्न ठरलं.

म्हणून मी त्या घराची कायम मिंधी राहिले. मिंधेपणाबरोबर भीतीही आली. भाकरी फाटली, आमटी खारट झाली, कोणी नुसतं वळून बघितलं तरी वाटायचं, आता परत पाठवतील. दादरची, म्हणजे इकडच्या ज्वारीची, भाकरी मला थापता यायची नाही. पहिल्या वर्षी कानबाईच्या मुठी चालल्या होत्या तेव्हा मी भाबडेपणानं विचारलं, "माझी कधी?" सगळ्या बाया हसल्या. एक जाऊ म्हणाली, "हिले मिशा फुटू द्या, मंग घेऊ." माझा चेहरा पडला असावा. सासू, जिला सगळा गाव माय म्हणतो, तिनं सुपातून वर न बघता सांगितलं, "रोट तर हिनाच हातना व्हतीन. मूठ कोनी का असेना." त्या वर्षीचे रोट तिनं खरंच माझ्याकडून करवून घेतले. कडा फाटलेले, तसेच देवीपुढं ठेवले.

मोठे भाऊ अमळनेरला मास्तर होते. लग्न केलं नाही. सुट्टी लागली की सातपुड्याच्या पायथ्याला जायचे, तिथल्या वस्त्यांवर राहायचे. पुढं नोकरीच सोडून दिली आणि तिकडेच राहू लागले. घरी यायचे ते धुळीनं भरलेले, सायकलीला मोहफुलांची नाहीतर डिंकाची पिशवी अडकवलेली. माय म्हणायची, "पगार सोडीसन डिंक आनस मन्हा पोर्‍या." ते हसायचे आणि पिशवी माझ्या हातात द्यायचे.

नव्वद सालाच्या आगेमागेची गोष्ट. पावसाच्या तोंडाशी त्या पायथ्याच्या एका वस्तीतली घरं पाडली. जागा जंगलाची आहे, इथं झाडं लावायची आहेत, असं सांगून कुडाच्या भिंती ओढून काढल्या आणि पेरलेल्या शेतातून चर खणले. माणसं ओढ्याकाठी पळसाच्या पानांखाली राहिली. भाऊंनी अर्ज दिले, हेलपाटे घातले. मग धुळ्यात एका कचेरीसमोर ताडपत्री बांधून उपोषणाला बसले. मागणी एकच होती. ज्या जागेवरून घरं पाडली, त्याच जागेवर ती पुन्हा उभी राहू द्या. तोवर अन्न घेणार नाही.

घरी त्यांनी सांगितलंच नव्हतं. आम्ही नवराबायको तेव्हा धुळ्यात दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे कामावर जाताना ताडपत्रीखाली कोणी झोपलंय म्हणून बघायला थांबले, तर सख्खा भाऊ. डबा तसाच घेऊन घरी परत आले आणि दारात बसून राहिले. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" म्हणाले, "भाऊ तिथं उपाशी बसलाय. मी हा डबा कुठं खाऊ?"

आम्ही गावी कळवलं. नेमक्या त्याच दिवसांत मुठी घ्यायच्या होत्या, म्हणून मीही गावी गेले. ओसरीवर भाऊबंद जमले होते. आबा, म्हणजे चुलत सासरे, घरातले कर्ते. त्यांच्या शब्दापुढं कोणी जात नसे. प्रश्न हा होता की मोठ्या भाऊंच्या नावची मूठ घ्यायची की नाही. जो अन्न घेत नाही म्हणतो त्याच्या नावचा रोट करायचा आणि तो तसाच राहिला, तर देवीचा अपमान. मूठ घेतली नाही, तर जित्या माणसाला मेल्यात धरल्यासारखं.

माय कोणाचं ऐकत बसली नाही. "तो जित्ता शे," एवढंच म्हणाली आणि राशीत हात घातला. तिची मूठ इतकी घट्ट होती की उघडताना गव्हाचे दाणे तळहाताला चिकटून राहिले.

मग आबांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, "बरं झालं. आता प्रश्नच मिटला."

"कसा मिटला?" कोणीतरी विचारलं.

"अरे, रोट म्हणजे अन्न शे का? तो देवीना प्रसाद. उपासाला चालतो. मूठ घेतली म्हणजे त्याला खावाच लागेल. कानबाईला नाही म्हणणारा आपल्या भाऊबंदकीत अजून जन्मला नाही."

सगळ्यांना ते पटलं. आज मला नवल वाटतं, पण तेव्हा मलाही पटलं होतं. ओसरीवरचं सगळं ओझंच उतरलं. जळगावला एक मोठा मंत्री येणार होता. आमच्यातलेच काही जण त्याची गाठ घेऊन मागणी त्याच्या कानावर घालणार होते, जीपसुद्धा ठरली होती. आबांनी ती रद्द करायला लावली. म्हणाले, "कोणाच्या पाया पडायला कशाला जायचं? सोमवारी देवी बोळवली की रोट घेऊन धुळ्याला जाऊ. पोर्‍या खाईल आणि घरी येईल." जीपवाला दुसऱ्या भाड्याला गेला. मंत्री आला आणि गेला.

रविवारी देवी बसली. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, खीर, रोट, सगळं यथासांग झालं. सोमवारी सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन नदीवर नेलं आणि दुपारच्या एसटीनं आम्ही धुळ्याला निघालो. आबा, माय आणि मी. मायच्या मांडीवर नव्या फडक्यात बांधलेले भाऊंच्या वाट्याचे रोट होते. गाडीत एका बाईनं पोराला द्यायला तुकडा मागितला, तर मायनं गाठोडं पदराखाली घेतलं.

ताडपत्रीखाली भाऊ कुशीवर पडले होते. गालफडं आत गेलेली, ओठांना भेगा. भोवती त्या वस्तीतली बायामाणसं बसली होती. आम्हाला पाहून त्यांनी सरकून जागा केली. भाऊ हाताचा टेकू घेऊन उठून बसले आणि आबांच्या पाया पडले.

"तू शाळेत होता तवापासून ऐकत नाही," आबा म्हणाले.

"दुसरीत तुम्ही मला चिंचेच्या फोकानं मारलं होतं, आबा. तेव्हा ऐकलं असतं तर आजही ऐकलं असतं."

आबा हसले. त्यांना अजून सगळं सोपं वाटत होतं. मायनं गाठोडं सोडलं, तुकडा मोडला आणि भाऊंच्या तोंडापुढं धरला. लहान पोराला भरवतात तसा.

"माय, हे अन्न शे," भाऊ म्हणाले.

"देवीना रोट शे. तुन्हा नावनी मूठ घेयेल शे."

भाऊंनी रोटाला हात लावून तो कपाळाला लावला. पण तोंड उघडलं नाही. म्हणाले, "मी हे खाल्लं, तर ह्या लोकांना काय सांगू? माझ्या देवीचं होतं म्हणून खाल्लं? त्यांच्याही देवी आहेत. घरांबरोबर त्याही उघड्यावर आल्यात."

वस्तीतली एक म्हातारी आबांकडं वळून म्हणाली, "आम्ही रोज सांगतो, दादा. खा बाबा, घरं राहू दे, आम्ही जाऊ कुठंबी. हा ऐकत नाही. तुम्ही सांगा."

म्हणजे ज्यांच्यासाठी ते उपाशी होते, तेही खा म्हणत होते. आबा बराच वेळ बोलले. आधी समजुतीनं, मग आवाज चढवून, मग कुळाचं काय होईल असं. भाऊ ऐकत राहिले. शेवटी आबा चप्पल घालून रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले.

माय मात्र हलली नाही. तुकडा फडक्यात ठेवून ती म्हणाली, "मंग मी बी आठेच बससू. तुले उपाशी ऱ्हाता येस, माले येत नही का?"

त्या सबंध वेळात भाऊ पहिल्यांदा घाबरलेले मी पाहिले. त्यांनी मायचा हात धरला. त्यांचे शब्द मला पाठ आहेत. ते आमच्या घरच्या बोलीत नाही, शाळेत शिकवल्यासारखे बोलले. "माय, तू उपाशी बसलीस तर मी खाईन. खरंच खाईन. मला तुझं नाही बघवणार. पण मग मला घरी यायला सांगू नकोस. मी ह्यांच्यापुढंही उभा राहू शकणार नाही आणि तुझ्यापुढंही."

मायनं हात सोडवून घेतला. रोट पुन्हा बांधले. एक गाठ, तीवर दुसरी गाठ. आबा संध्याकाळच्या गाडीनं गावी गेले. माय माझ्याकडं राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली आणि जेवायला वाढ म्हणाली. इतक्या लवकर ती कधी जेवत नसे. मी भाकरी आणि ठेचा वाढला. ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि घास घेऊ लागली. घास गिळवत नव्हता. पाण्याबरोबर ढकलत होती. ताट पुसून खाल्लं, मगच उठली आणि ताडपत्रीकडं गेली. भाऊंनी विचारलं, "जेवलीस?" ती म्हणाली, "जेवनू." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा ते पुन्हा आडवे झाले.

रोज असंच चाललं. तिला आपण उपाशी नाही हे दाखवायचं होतं, म्हणून ती जेवत होती. तिनं ताट बाजूला सारलं असतं, तर पोरगा वाचला असता. ते तिच्या हातात होतं आणि तिला माहीत होतं. मी भाकरी थापताना मनात म्हणायची, आज हिनं नको खायला. भूक नाही म्हणू दे. आज भाकरी करपवूनच ठेवावी का, असंही यायचं. पण मी चांगली भाकरी करायची आणि ती खायची. मला भाऊ हवे होते. मी त्या घरात होते ती त्यांच्यामुळं. आमचे हे तर त्या दिवसांत डबाच नेईनासे झाले. मायनं त्यांना सुनावलं, "तू बी खाय. बठ्ठं घर उपाशी मराना ठेका लेयेल शे का?"

एकदा मी धीर करून तिला विचारलं, "माय, तुम्ही बसत का नाही?" तिनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "त्यानी माले सांगं ना, मी बसनू तर तो कसा व्हई ते." एवढंच. तुकडा आमटीत विरघळून गेला, तिनं दुसरा मोडला.

कचेरीतून कधी एक कारकून येऊन नाव-गाव विचारून जायचा, कधी कोणी साहेब मोटारीच्या काचेतून बघायचा. वर कळवलंय, असं उत्तर मिळायचं. पाऊस आला की ताडपत्रीत पाणी साचायचं आणि वस्तीतली माणसं काठीनं ते ढकलून द्यायची.

मग एक दिवस पोलीस आले आणि भाऊंना उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लावली की ते सुई उपसून टाकायचे. हात बांधले तेव्हा फार उशीर झाला होता. मावशीची तिथं ड्युटी होती. भर दुपारी ती ड्रेसवरच आमच्या दारात आली. मी चुलीपुढं होते, माय जेवत होती. मावशी नुसती चौकट धरून उभी राहिली. मायनं हातातला घास ताटात ठेवला. त्या दिवसांत तिनं टाकलेला तो पहिला घास.

पौर्णिमा अजून यायची होती. रोट माझ्या फळीवर तसेच होते. दवाखान्याच्या फाटकाबाहेर वस्तीतली माणसं सकाळपासून बसून होती. पोरं रडत होती, कोणाच्या पोटात काही नव्हतं. मायनं मला ते गाठोडं आणायला सांगितलं आणि त्या म्हातारीच्या ओटीत ठेवलं. तिनं पोरांना एकेक तुकडा दिला. पोरांनी खाल्ला. आबा समोरून येत होते आणि त्यांनी पाहिलं होतं.

प्रेत गावी आलं, नदीकाठी सगळं झालं. दूरदूरची माणसं आली, खादीचे पांढरे कपडे, भाषणं. हुतात्मा हा शब्द आमच्या दारात पहिल्यांदा त्या दिवशी ऐकला. माझ्या शाळेच्या पुस्तकात तो होता, खाली रेघ मारलेला. पुस्तकातल्या हुतात्म्यांच्या आयांबद्दल काही लिहिलेलं मला आठवत नाही.

घरं उभी राहिली नाहीत. त्या जागेवर निलगिरी लागली. ओढ्याकाठची माणसं काही सुरतेला गेली, काही ऊसतोडीला. पुढच्या वर्षी भाऊंच्या तिथीला वस्तीच्या वाटेवर एक काळा दगड बसवला, तेव्हा मायला मोटारीतून नेलं, हार घातला. परत येताना तिनं बरोबरच्या माणसाला विचारलं, "घरं कोठे शेतस?" तो म्हणाला, "आई, लढा चालू आहे." त्यानंतर ती कधी गेली नाही.

दगडावर एक लिहिलंय आणि आमच्या गल्लीत दुसरंच बोलतात. आबांनी सुतक फिटल्यावर ओसरीवर बसून सांगितलं, की ज्यानं कानबाईचा रोट नाकारला त्याला देवी ठेवत नाही. आणि ज्या आईनं भाऊबंदांचा रोट बाहेरच्याच्या पोरांना चारला, तिचं घर वर येत नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. त्यांचा पुतण्या होता, ते त्याच्यासाठी ढसाढसा रडले होते. रडता रडता त्यांना दुसरं काही कारण सुचलं नाही. हळूहळू गावाला तेच पटलं. आता तिथं नव्या सुनांना भाऊंची गोष्ट सांगतात ती रोट कधी नाकारू नये म्हणून. घरांचं, वस्तीचं त्यात काही नसतं. मी सांगायला जाते. बाया ऐकतात, हं हं म्हणतात. एकदा एकीनं विचारलं, "पण वयनी, खाल्ला असता तर काय बिघडलं असतं?" मी सहावी अर्धवट शिकलेली बाई. भाऊ असते तर त्यांनी सांगितलं असतं.

मायचे उपास मात्र कायमचे सुटले. एकादशी नाही, शिवरात्र नाही. बाया टोमणे मारायच्या, तर ती म्हणायची, "बठ्ठ्या उपास करतस ना, मंग मी भाकर खास." आणि सकाळी सकाळी ताट घेऊन बसायची, भिंतीकडं तोंड करून.

खूप वर्षांनी, एका आषाढी एकादशीला, तिनं असंच भाकरी खाता खाता मला विचारलं. आवाज अगदी रोजचा होता, मीठ वाढ म्हणावं तसा. "मी बसी जावाले जोयजे व्हतं का वं?"

मला सगळ्या आयुष्यात त्या बाईच्या मनाविरुद्ध एक शब्द बोलायची हिंमत झाली नव्हती. तिनं मला ठेवून घेतलं होतं. पण खोटंही बोलवेना. मी म्हटलं, "हो माय. उपाशी बसायला पाहिजे होतं."

तिनं मान हलवली. "माले बी तसंच वाटस," ती म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.